बिल्जमधलं पाणी उपसलं तरी परत येतंय? 'कुठून' नंतर बघा, आधी 'कधी' ते शोधा

शिडाच्या बोटीत फळ्यांखाली तळाला जिथे पाणी साठतं ते बिल्ज, आणि तिथला हा प्रश्न नेहमीचाच आहे. बोट बेटाच्या आडोशाला अँकरवर निवांत उभी, रात्री कधीतरी बिल्ज पंप घर्रर्र करून दोन सेकंद चालतो आणि थांबतो, सकाळी फळी उचलून बघावं तर तळाला परत तीन बोटं पाणी. उपसायचं, स्पंजने टिपायचं, एक-दोन दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. मग माणूस टॉर्च तोंडात धरून एकेक सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांवरचा व्हॉल्व्ह) चाचपत सुटतो, जिथे बोटाला ओल लागेल तिथे सीलंट थापतो, पुढच्या बेटावर पोचून फळी उचलतो तर पाणी आहेच.

हे होतं कारण पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, अँकर आणि साखळी ठेवायच्या लॉकरमधून शिरलेलं पाणी आतल्या लायनरच्या मागून, लाकडी पट्ट्यांच्या कडेकडेने, वायरींच्या पाइपातून चालत चालत पार इंजिनाखाली येऊन साठतं, आणि बोट एका अंगावर कललेली असेल तर चार तास एखाद्या कपाटाच्या मागे दबा धरून बसतं, अँकर टाकून बोट सरळ झाली की मग खाली उतरतं. म्हणजे तुम्हाला वाटतं अँकरवर गळतंय, प्रत्यक्षात ते दुपारी शिडावर असताना आत आलेलं असतं. त्यामुळे जागा शोधत बसण्यापेक्षा वेळ शोधा. पाऊस पडल्यावर येतं, इंजिन चालवल्यावर येतं, एकाच टॅकवर (म्हणजे शिडात वारा एकाच बाजूने घेत चालताना) येतं, की काहीच न करता येतं, एवढं नक्की झालं की संशयित दोन-तीनच उरतात.

पण त्याआधी बिल्ज ठणठणीत कोरडं करा, आणि नुसतं कोरडं नाही, साबण लावून गोड्या पाण्याने धुऊन. जुनं मीठ तळाला राहिलं तर उद्या आलेलं पावसाचं पाणीपण खारट निघेल आणि तुम्ही उगाच सीकॉकच्या मागे लागाल. लिंबर होल म्हणजे आडव्या पट्ट्यांना खाली जी भोकं असतात ती तारेने मोकळी करा, त्यात केस, लाकडाचा भुसा, जुन्या केबल टायचे तुकडे काय काय निघतं.

आता पाणी गोडं की खारं. बरेच जण पाण्यात हाताचं बोट बुडवून चाटून बघतात, प्लीज नका करू. बिल्जमध्ये डिझेल असतं, टॉयलेटच्या पाइपातून पाझरलेलं असू शकतं, आणि इंजिनाचं कूलंट असेल तर ते चवीला गोड पण विषारी असतं, त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं. हिरवी किंवा गुलाबी झाक दिसली तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही, सरळ इंजिनाचे होज आणि हीट एक्सचेंजर बघा. बाकी वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असणाऱ्या जवळपास प्रत्येक बोटीवर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर असतोच, तो वापरा. समुद्राचं पाणी साधारण ३५,००० पीपीएम, छोट्या मीटरची धाव तिथपर्यंत नसते म्हणून तो एररच दाखवतो, अशा वेळी एक भाग ते पाणी आणि नऊ भाग टाकीतलं असं मिसळून मोजायचं आणि आकडा साधारण दसपट धरायचा. टाकीतलं पाणी ५०० च्या आत असायला हवं. आणि आकडा मधलाच काहीतरी आला, हजार-दोन हजार वगैरे, तर बहुतेक पाऊस डेकवरचं मीठ धुऊन आत घेऊन येतोय, नाहीतर दोन गळत्या एकदम चालू आहेत, जे जुन्या बोटीत अगदी सर्रास असतं.

मग एक वही करा. पाणी "थोडंसं" असं लिहू नका, मापाच्या मगाने मोजा आणि शेजारी बोट तेव्हा काय करत होती ते लिहा. हे कंटाळवाणं काम आहे मान्य, पण सगळं निदान याच्यावरच आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी तपासून टाका कारण ती फुकट आहे. तेच पाणी फिरून फिरून येतंय का? पंप थांबला की वर चढलेल्या पाइपातलं पाणी मागे येतं. आतून २५ मिलिमीटरचा पाइप तीन मीटर उभा असेल तर त्यात जवळजवळ दीड लिटर पाणी मावतं, ते खाली आलं की फ्लोट स्विच उचलला जातो, पंप ते परत वर ढकलतो, परत खाली येतं, आणि रात्रभर हा खेळ. वहीत "पाणी वाढलं नाही पण पंप चालतोय" असं दिसलं तर हेच. यावर लोक पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, मला तो अजिबात आवडत नाही, त्यात कचरा अडकला की ऐन गरजेच्या वेळी पंप पाणी फेकणारच नाही. त्यापेक्षा तळातलं शेवटचं पाणी काढायला बारीक पाइपाचा छोटा पंप वेगळा लावा आणि मोठा पंप थोडा वर बसवा. दुसरा प्रकार जास्त वाईट. पंपाचं बाहेरचं तोंड वॉटरलाइनच्या फार जवळ असलं तर बोट कलल्यावर ते पाण्याखाली जातं आणि पंप बंद झाला की समुद्रच सायफनने आत यायला लागतो, पंप ते बाहेर टाकतो, थांबतो, परत तेच. पाइपाला डेकच्या खाली जेवढा उंच जाईल तेवढा वळसा आणि वळशाच्या टोकाला हवा घेणारा व्हॉल्व्ह, दुसरा उपाय नाही.

पाणी गोडं निघालं तर आधी सुटकेचा श्वास सोडा, बोट बुडत नाहीये. रात्री झोपताना पाण्याच्या प्रेशर पंपाचा स्विच बंद करा. सकाळी बिल्ज कोरडं असेल तर गळती पंपाच्या पुढच्या भागात आहे, नळ, शॉवर, गीझर यांच्या जोडांमध्ये. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच टकटक करून थांबतो हीपण तीच खूण. पंप बंद ठेवूनही पाणी आलं तर टाकी, आणि टाकीची गंमत अशी की ती तळातून क्वचित गळते, वरच्या झाकणाच्या गास्केटमधून जास्त, त्यामुळे ती काठोकाठ भरलेली आणि बोट कललेली असेल तेव्हाच पाणी येतं, अर्धी झाली की बंद. लोक म्हणतात "आपोआप थांबली गळती". थांबली नाही, टाकी रिकामी झाली.

गोडं पाणी आणि तेही इंजिन चालवल्यावरच, हे कोडं भल्याभल्यांना सुटत नाही. इंजिनाच्या उष्णतेवर तापणारा गीझर असेल तर त्यातलं पाणी २५ वरून ७५ अंशांपर्यंत तापताना साधारण २ टक्क्यांनी फुगतं. ४० लिटरच्या गीझरमध्ये हे पाऊण-एक लिटर होतं, मागे जायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडवतो, मग ते प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं आणि त्याचा पाइप बहुतेक बोटींमध्ये थेट बिल्जमध्येच सोडलेला असतो. म्हणजे गळती नाहीच, व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. त्या पाइपाच्या तोंडाला रिकामी बाटली बांधा, एकदा इंजिन चालवा, बाटली भरली तर उत्तर मिळालं. गरम पाण्याच्या लाइनला छोटी एक्स्पान्शन टाकी बसवली की संपलं, किंवा बाटली तशीच ठेवा आणि त्या पाण्याने भांडी धुवा.

फ्रिजचं पण लक्षात असू द्या. उष्ण कटिबंधातली हवा इतकी दमट असते की थंड पेटीच्या बाहेरच्या अंगावर सतत पाणी सुटतं, इन्सुलेशन जुनं होऊन भिजलेलं असेल तर जास्तच. पेटीचं आतलं ड्रेन बिल्जमध्ये सोडलं असेल तर वासावरूनच कळतं.

पावसानंतरच येत असेल तर डोलकाठी आणि चेनप्लेट. डोलकाठी डेकमधून आरपार जाऊन कण्यावर टेकलेली असेल तर पाऊस तिच्या आतूनच खाली येतो, शिडाचे दोर जिथून आतबाहेर करतात त्या खाचांमधून, आणि तो थांबवता येत नाही, जोराच्या सरीत मगभर पाणी येणं नॉर्मल आहे. डेकपाशी जो रबरी बूट असतो तो फक्त बाहेरून ओघळणारं पाणी अडवतो. दोन्हीत फरक कसा करायचा, तर डेकच्या लगेच खाली डोलकाठीला कोरडं फडकं घट्ट गुंडाळा. पावसानंतर फडकं ओलं तर बूट गेलाय, फडकं कोरडं आणि बुडाशी पाणी तर आतून आलंय, सोडून द्या, फक्त बुडाशी निचरा मोकळा आहे ना ते बघा, कारण अॅल्युमिनियमचं बूड खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की आतून खात जातं.

चेनप्लेटवर मात्र जरा थांबून बोलायला पाहिजे कारण इथे पाण्याचा प्रश्न नाही, डोलकाठी उभी राहायचा प्रश्न आहे. श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, ज्या स्टीलच्या पट्टीला बांधलेले असतात ती डेकमधून खाली जाते, आणि शिडावर असताना तिच्यावर ताण कमी-जास्त होत असतो त्यामुळे भोवतीचं सीलंट कधी ना कधी सुटतंच, वर उन्हाने ते कडक झालेलं असतं. स्टेनलेस स्टील उघड्या हवेत टिकतं कारण ऑक्सिजनमुळे त्याच्यावर संरक्षक थर परत परत तयार होतो. डेकच्या जाडीत अडकलेल्या ओल्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, खारं पाणी मात्र असतं, मग तिथे धातू आतून कुरतडला जातो आणि वरून खालून दोन्हीकडे पट्टी चकाचक दिसते. म्हणून कपाटात चेनप्लेटच्या खाली तांबूस ओघळ दिसला की वरून सीलंटची पट्टी ओढून गप्प बसू नका. श्राउडला पर्यायी दोर बांधून, एका वेळी एकच पट्टी काढा आणि डेकच्या जाडीत जो भाग होता तो भिंगातून बघा. खड्डे किंवा केसासारखी रेघ दिसली तर पट्टी बदलायची, पॉलिश करून परत बसवायची नाही. भोकाच्या कडेने डेकचा गाभा भिजलाय का तेही तेव्हाच कळतं, मऊ लागला तर खरवडून काढून इपॉक्सीने भरा. परत बसवताना ब्यूटाइल टेप वापरा. कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन इथे लावला तर पुढच्या वेळी पट्टी काढताना डेकचा थर सोबत येईल.

डेकवरची गळती शोधायला होज मारून बघणं ठीक आहे पण खालून वर जायचं, आधी सगळ्यात खालची फिटिंग, तिथे दहा मिनिटं पाणी, आत एक माणूस टिशू पेपर घेऊन, मग त्याच्या वरची. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. बेटांवर गोडं पाणी एवढं उधळायला कोणाकडे असतं म्हणा, तर दुसरी युक्ती अशी की सगळे हॅच (डेकवरची झाकणं) आणि व्हेंट टेपने बंद करून आतमध्ये ब्लोअरने हवा भरा आणि डेकवर साबणाचं पाणी पसरा, जिथे बुडबुडे येतील तिथे भोक. एक बादली पाण्यात काम होतं.

आता खारं. इंजिन चालवल्यावर येतं तर शाफ्टचा ग्लँड, म्हणजे प्रोपेलरचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं सील, हा पहिला आरोपी असतो आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो. दोरी भरलेला जुना ग्लँड थोडा ठिबकलाच पाहिजे, त्याच पाण्याने तो थंड राहतो, इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब आणि बंद असताना जवळपास शून्य. हिशोब करा, २० थेंब म्हणजे साधारण १ मिली. मिनिटाला १० थेंब पडले तरी तासाला ३० मिली, आठ तास मोटर चालवली तर पाव लिटर. तुमच्या वहीत पाच लिटर लिहिलेत तर ते ग्लँडचं नाही, उगाच नट आवळत बसू नका, जास्त आवळला तर दोरी तापून कडक होते आणि शाफ्टला चरे पडतात, मग खरोखरच गळायला लागतो. हात लावून बघा, हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर तो आधीच जास्त आवळलेला आहे.

त्यापेक्षा समुद्राच्या पाण्याचा पंप बघा. त्याच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं, दोन सीलच्या मधलं, तिथून पाणी पडत असेल किंवा खाली मिठाची पांढरी खपली जमली असेल तर सील गेलंय. हे पुढे ढकलायचं काम नाही, ते भोक बुजलं तर काही पंपांमध्ये पाणी थेट इंजिन ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधाळ होतं. एक्झॉस्टच्या वळशावरचा सायफन तोडणारा व्हॉल्व्हपण मिठाने अडकतो, उघडा अडकला तर इंजिन चालू असताना शिंपडत राहतो म्हणजे बिल्जमध्ये पाणी, बंद अडकला तर इंजिन थांबवल्यावर समुद्र सायफनने सिलिंडरपर्यंत जाऊ शकतो. दुसरं पहिल्यापेक्षा खूप महाग पडतं. काढून व्हिनेगरमध्ये भिजवून गोड्या पाण्याने धुवा.

शिडावर असताना, आणि त्यातही एकाच टॅकवर येत असेल तर सोपं आहे, खाली जाणाऱ्या बाजूचं काहीतरी पाण्यात बुडतंय. मुद्दाम दोन-तीन तास एका टॅकवर आणि तेवढेच दुसऱ्यावर काढा, दोन्हीनंतर मोजा. सिंकचं ड्रेन, टॉयलेटचा वळसा, डेक आणि हलचा (बोटीच्या खालच्या अंगाचा) जोड, त्या बाजूच्या खिडक्या, कॉकपिट लॉकरची झाकणं, आणि मघाशी सांगितलेलं पंपाचं तोंड. टॉयलेट आणि सिंकचे सीकॉक बंद करून तोच टॅक परत केला की अर्धे संशयित बाद होतात, आणि ते सीकॉक तसेही प्रवासात बंदच असावेत. दोन्ही टॅकवर सारखं येत असेल, समोरून लाटा घेताना जास्त, तर अँकर लॉकर. साखळी जिथून खाली जाते त्या पाइपातून प्रत्येक लाटेला पाणी आत पडतं, लांबच्या पल्ल्याआधी त्यात कापड किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा ठासा, आणि लॉकरचं ड्रेन चिखलाने बुजलंय का बघा. मागच्या बाजूला सुकाणूचा दांडा जिथून वर येतो तिथलं सील विसरू नका, मागून मोठी लाट आली की ते पाण्याखाली जातं.

राहिलं शेवटचं. खारं पाणी, अँकरवर, ना इंजिन ना पाऊस. इथे आळस नाही. हलच्या प्रत्येक भोकाला, सीकॉक, स्पीड सेन्सर, डेप्थ सेन्सर, ग्लँड, कोरडा टिशू गुंडाळून तासाभराने बघा. स्पीड सेन्सरचं चक्र उष्ण कटिबंधातल्या पाण्यात शिंपल्यांनी सारखं जाम होतं म्हणून लोक ते वरचेवर आत ओढून साफ करतात, आणि त्याच्या ओ-रिंगला एक केस जरी अडकला तरी ती पाझरते. सीकॉक पितळेचा असेल तर त्याला मऊ कापडाने घासून रंग बघा. पितळेतलं जस्त समुद्रात विरघळून जातं आणि मागे राहतं ते गुलाबी, सच्छिद्र तांबं, जे हाताच्या जोराने तुटू शकतं. गुलाबी दिसला तर त्याला फिरवूनसुद्धा बघू नका, बोट बाहेर काढेपर्यंत हातच लावू नका, शेजारी योग्य मापाची मऊ लाकडी गुल्ली दोरीने बांधून ठेवा. बदलताना कांस्याचा किंवा चांगल्या कंपोझिट प्लॅस्टिकचा घ्या. प्रवाळावर बोट आपटली असेल आणि त्यानंतर पाणी यायला लागलं असेल तर किलचे (बोटीखालच्या वजनदार पात्याचे) बोल्ट आणि किल-हलच्या सांध्याची रेघ, मास्क लावून खाली उतरून बघा, रेघ उघडलेली दिसली तर लांबचा पल्ला रद्द करा आणि जवळात जवळ जिथे बोट उचलता येईल तिकडे चला.

एवढं कडक बोलतोय कारण आकडेच तसे आहेत. वॉटरलाइनच्या ६० सेंटिमीटर खाली २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. पंपावर छापलेला आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो, दीड-दोन मीटर वर ढकलायचं म्हटलं, त्यात वळणावळणाचा पाइप आणि दमलेली बॅटरी, की तो खूपच खाली येतो.

इतकं करूनही जागा सापडत नसेल तर बिल्जमध्ये बांध घाला. शेतात पाणी अडवतात तसंच, प्लॅस्टिसिनचे छोटे बांध प्रत्येक लिंबर होलपाशी, म्हणजे बिल्जचे चार-पाच वेगळे वाफे होतात, ज्या वाफ्यात आधी पाणी येईल त्याच्या वरच शोधायचं. कोरड्या हलवर खडूची पूड भुरभुरवली की पाण्याचा माग रेघ होऊन दिसतो. शॉवर किंवा सिंकचा संशय असेल तर तिथे खाण्याचा रंग ओता. काम झाल्यावर बांध आठवणीने काढा, नाहीतर पाणी पंपापर्यंत पोचणारच नाही.

एक गळती सापडली आणि बंद केली की लगेच दुसरीच्या मागे लागू नका. वहीत परत एक सर, एक दिवस इंजिन, दोन्ही टॅक आणि एक शांत रात्र एवढं भरू द्या, मग काय उरलंय ते दिसेल. आणि बिल्ज पंपाला एक काउंटर बसवून घ्या, पंप किती वेळा चालला ते मोजणारा. ऑटोमॅटिक पंप गळती लपवतो, बॅटरी संपेपर्यंत सगळं छान वाटत राहतं. काउंटर रोज सकाळी बघायचा आणि आकडा वहीत टाकायचा. त्याच्या जोडीला फ्लोट स्विचच्या एक वीत वर दुसरा स्विच आणि त्याला मोठ्ठा भोंगा, कॉकपिटमध्ये, झोपलेल्या माणसाला खडबडून उठवेल असा, आणि त्याची वायर पंपाच्या फ्यूजवरून नको, वेगळ्या फ्यूजवरून घ्या, नाहीतर पंपाचा फ्यूज उडाला की भोंगापण त्याच्याबरोबर गप्प.